तुले काय कमी होतं रे?

हे लिहू की नको यात पंधरा दिवस गेले. कारण इथे कोण येऊन वाचतं ते मला नीट माहीत आहे. आठ-दहा नेहमीची लिहिणारी मंडळी, ज्यांच्यातल्या निम्म्यांना मी कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, आणि बाकी सगळे आमचे नातेवाईक. मागे भरितावर लिहिलं होतं तेव्हा आत्याने नशिराबादहून मुद्दाम फोन करून "मिरच्या भाजून घेतात रे, तळून नाही, काय लिहितोस" अशी दुरुस्ती केली होती. तर आत्या, आजचा विषय भरिताचा नाही. सुरुवात मात्र भरितापासूनच आहे. पुढचं वाचायचं नसेल तर इथेच थांब, मला राग येणार नाही.

यंदाच्या हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी झाली. पन्नासएक माणसं. काड्यांवर वांगी भाजणं चालू, बायका पुऱ्या लाटतायत, पोरं क्रिकेट खेळतायत. कोणालातरी फोटो काढायची हुक्की आली आणि त्याने जवळ पडलेला एक फोन उचलला. फोन माझ्या पुतण्याचा. वय वर्षे वीस, इंजिनिअरिंगला आहे. फोनमध्ये नको ते उघडं होतं. पुढची पंधरा मिनिटं मी विसरू शकत नाही. फोन हातोहात फिरला. आमच्या आबांनी सगळ्यांसमोर त्याला उभं केलं आणि विचारलं, "तुले काय कमी होतं रे? तुले काय कमी केलं आम्ही?" पोरगं रडायला लागलं आणि रडता रडता खरं बोलून गेलं. म्हणाला, मला सोडायचंय, पण सुटत नाही, रोज ठरवतो आणि रोज मोडतो.

म्हणजे बघा, वीस वर्षांच्या पोराने पन्नास माणसांत मदत मागितली! इतकं धाडस मला पंधरा वर्षांत झालं नव्हतं. आणि त्याला मिळालं काय? एक थोबाडीत, फोन जप्त, आणि पुढच्या गुरुवारी जळगावला एका लॉजवर येणाऱ्या 'तज्ज्ञा'कडून साडेसहा हजारांच्या पुड्या. "लगीन करून टाका, आपोआप जाईल," हा ठराव एकमताने पास झाला तो वेगळाच.

मी तिथेच होतो. वांगी सोलत होतो. एक शब्द बोललो नाही.

तेव्हा बोललो नाही म्हणून आता लिहितोय. त्याला विचारून लिहितोय. तो कोण हे घरच्यांना माहीतच आहे, बाकीच्यांना कळायची गरज नाही.

पहिली गोष्ट. आबांच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो, कारण तो प्रश्न मला विचारला गेला असता तर मीही त्याच जागी उभा असतो. हो, मीही. २००३ साली हॉस्टेलला गेलो, तिथे सीडी फिरायच्या. मग नेट कॅफे, प्लायवूडचे खोके आणि दारावर मळका पडदा, तासाला वीस रुपये. तेव्हा वीस रुपये ही मोठी मर्यादा होती, तिनेच मला वाचवलं असं आता वाटतं. मग नोकरी लागली, पुणं, लग्न. लग्नाने काही गेलं नाही, हे आबांच्या ठरावावर माझं लेखी मत समजा. आणि मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं. डेटा जवळजवळ फुकट झाला. जो नळ वीस रुपये देऊन तासभर उघडायचा तो उशाशी चोवीस तास वाहायला लागला. रात्रीचे दोन, अडीच, तीन. सकाळी ऑफिसात डोळे चुरचुरणारे. बायको माहेरी गेली की आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाची लाज वाटायची. मुलाच्या शाळेतला कार्यक्रम एकदा मी झोपून राहिल्यामुळे चुकवला आणि "ताप होता" असं सांगितलं. त्याने मला स्वतः काढलेलं गेट वेल सून चं कार्ड दिलं. असो. ते कार्ड अजून आहे.

कमी काय होतं? काही कमी नव्हतं आबा. कमी-जास्तीचा हा प्रश्नच नाही. थकवा असतो, एकटेपणा असतो, भांडण झालेलं असतं, साहेबाने झापलेलं असतं, झोप येत नसते, आणि हातात एक बटण असतं जे दाबलं की दहा मिनिटं सगळं पुसलं जातं. दहा मिनिटांनंतर सगळं परत येतं, वर लाज. लाजेवर उपाय म्हणून परत तेच बटण. एवढं साधं यंत्र आहे. आणि म्हणून माझं पहिलं भांडण 'लाज वाटायला लावा म्हणजे सुधारेल' म्हणणाऱ्यांशी आहे. लाज हे या गाडीचं पेट्रोल आहे हो! तुम्ही टाकी भरून देताय आणि वर म्हणताय गाडी थांबत का नाही.

दुसरं भांडण माझ्याच वयाच्या मित्रांशी. त्यांच्याकडे गेलो की ते हसतात. "काय भो, त्यात काय, सगळेच बघतात." सगळेच बघत असतील. सगळेच लग्नात एखादा पेग घेतात म्हणून सकाळी सात वाजता हात थरथरणाऱ्याला आपण "त्यात काय" म्हणत नाही. (आता म्हणत नाही. चाळीस वर्षांपूर्वी म्हणत होतो, त्यावर पुढे येतो.) आणि याच मित्रांना खजुराहो फार आठवतं. मी खजुराहोबद्दल तक्रार करत नाहीये रे बाबांनो, मी माझ्या रात्रीच्या तीनबद्दल बोलतोय.

पण न्यायाने बोलायचं तर त्यांच्या बोलण्यात अर्धं खरं आहे आणि ते आमच्या आबांनी ऐकायला हवं. बघणारा प्रत्येक माणूस रोगी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची जी नवी यादी २०१९ मध्ये मंजूर केली आणि जी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात या प्रकाराला जागा आहे, पण 'व्यसन' या खात्यात नाही. अनिवार लैंगिक वर्तन असं काहीसं नाव देऊन त्यांनी ते आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत टाकलं आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या यादीत तर ते नाहीच. तेव्हा व्यसन म्हणायचं की नाही यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही, आणि मी जेव्हा व्यसन म्हणतो तेव्हा घरगुती अर्थाने म्हणतो. पण त्या नव्या यादीत एक अट आहे ती मी डॉक्टरांकडून दोनदा समजावून घेतली. सहा महिने किंवा जास्त काळ ताबा सुटलेला असणं हवंच, आणि ते त्यापायी तब्येत, काम, घर यांची हेळसांड होणं किंवा थांबायचे प्रयत्न परत परत फसणं अशा एखाद्या तरी गोष्टीतून दिसायला हवं. आणि माणसाला होणारा त्रास जर निव्वळ 'हे पाप आहे' एवढ्याच भावनेतून येत असेल, तर तेवढ्यावर आजार म्हणायचा नाही!

ही अट वाचून मी गप्प बसलो होतो. म्हणजे आमच्या पुतण्याला आजार आहे की त्याला फक्त आपण आजारी असल्याची भीती घातली गेली आहे, हे ठरवायलाच एक शहाणा माणूस समोर बसायला हवा. तासभर ऐकणारा. शेतातल्या पन्नास जणांपैकी कोणी तासभर ऐकलं? मी तरी ऐकलं का?

आता पुडीवाल्याकडे येतो, कारण त्याच्यावर माझा खरा राग आहे. महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याहून जळगावला येताना भिंती वाचत या. गुप्तरोग, कमजोरी, बालपणीच्या चुका, एकदा भेटा. हा धंदा बघण्याच्या सवयीवर चालत नाही, भीतीवर चालतो. चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब होतो ही जी गोष्ट आपल्याकडे आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ असते, तिच्यावर. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली या भीतीने आजारी पडणाऱ्या तरुणांच्या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. धातू जातो म्हणून अशक्तपणा आला असं मानणारा आणि त्या मानण्यानेच खरोखर खंगत जाणारा पोरगा. साठ वर्षं होऊन गेली, भिंती तशाच रंगवल्या जातायत. फरक एवढाच की आता भिंतीबरोबर यूट्यूबही आहे. तिथे ब्रह्मचर्याचे गुरू नव्वद दिवसांत चेहऱ्यावर तेज आणून देतात, आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी पाय घसरला की पोरगं समजतं सगळं संपलं.

मीही गेलो होतो लॉजवर. २०१८ साली. दुसऱ्या मजल्यावरची खोली, पलंगावर बाटल्या मांडलेल्या, त्याने माझी नाडी बघितली आणि "वेळेत आलात" म्हणाला. हे वाक्य तो सगळ्यांना म्हणत असणार. चार महिन्यांचं औषध घेतलं. पोट बिघडलं, बाकी काही नाही.

मराठी माणसाला हे नवीन सांगतोय असंही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ मध्ये ते गेले तोवर चालवलं. त्यात वाचक प्रश्न पाठवायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे. हस्तमैथुनाने माणूस नष्ट होतो ही भीती खोटी आहे हे ते त्या काळात छापून सांगत होते. त्याचं बक्षीस काय? खटले. १९३४ सालचा खटला तर अशा प्रश्नोत्तरांवरूनच झाला. वकील कोण होते माहीत आहे ना? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, लोक खरे प्रश्न विचारतायत आणि त्यांना उत्तर मिळालं पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. माझ्या मते त्या दोनशे रुपयांचं व्याज आपण अजून भरतोय. विचारणाऱ्याला दंड करायचा ही रीत तिथेच कायम झाली. कर्व्यांच्या प्रत्येक मताशी मी सहमत नाही (त्यांच्या काळी सुप्रजननाचं जे खूळ होतं त्यातून तेही सुटले नव्हते), पण उत्तर द्यायला ते बसले होते, ही गोष्ट मोठी. आज पुतण्याच्या प्रश्नाला मराठीत उत्तर द्यायला कोण बसलंय? लॉजवाला बसलाय.

सरकारने बंदी घालून पाहिली. २०१५ च्या जुलैअखेरीस ८५७ संकेतस्थळं बंद करायचा हुकूम निघाला आणि आरडाओरडा झाल्यावर चार-पाच दिवसांत बराचसा मागे घेतला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर परत ८२७ बंद केली. त्या आठवड्यात मला किती अडचण झाली सांगू? दहा मिनिटं. बंदीला माझा तात्त्विक विरोध वगैरे नाही, पण ज्याचा ताबा सुटलाय त्याच्यासाठी ती कुलूप लावलेलं दार आणि शेजारी उघडी खिडकी आहे.

कायद्याचं निघालंच आहे तर आमच्या घरच्या ग्रुपवरच्या काका लोकांना एक सांगतो. प्रौढ माणसाने खाजगीत काही पाहणं हा आपल्याकडे गुन्हा नाही, पण ते पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे. लहान मुलांच्या बाबतीतलं काहीही असेल तर पाहणं-साठवणंसुद्धा गुन्हाच, सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ ला ते अगदी स्वच्छ सांगितलंय, आणि त्यात सूट असूच नये. आता आठवा, दर दिवाळीला 'फक्त पुरुषांसाठी' म्हणून क्लिपा कोण पाठवतं? शेतात पंचायत भरवणाऱ्यांतले तिघे तरी मला माहीत आहेत. नावं लिहीत नाही. पोराने मान खाली घातली होती, त्या तिघांची मान वर होती.

मला आराम पडला तो कसा, हे सांगितल्याशिवाय एवढं भांडणं बरोबर नाही. २०१९ मध्ये ऑफिसातल्या एका मित्राबरोबर चहा पीत होतो. तो पूर्वी दारूचा पेशंट, 'मुक्तांगण'मधून बाहेर पडून सात वर्षं झालेली. तो स्वतःच्या घसरण्याबद्दल इतकं सहज बोलत होता, जसा कोणी पित्ताबद्दल बोलतो. माझ्या तोंडून निघून गेलं. तो हसला नाही, हादरला नाही. "आज रात्री वाटलं तर मला फोन कर," एवढंच म्हणाला.

मुक्तांगणची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ च्या ऑगस्टमध्ये येरवड्याला मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये दिले होते. त्याआधी दारुड्याला आपण काय करत होतो? बांधून ठेवणं, मारणं, देवाच्या शपथा, आणि हो, लगीन. आजार आहे, माणूस वाईट नाही, प्रेमाने वागवा, एवढं म्हणायला एक संस्था उभी करावी लागली. बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट केला, कारण घरातलं माणूसही सोबत पिचत असतं. आता नशिराबादलाही "त्याला मुक्तांगणला पाठवा" असं लोक सहज म्हणतात. दारूला ही प्रतिष्ठा मिळाली (!), आमच्या दुखण्याला अजून नाही. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून मोबाईल-इंटरनेटच्या अतिरेकावर स्वतंत्र क्लिनिक आहे, पण ते बंगळूरला.

मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, वर्षभर. त्यांनी शपथ घ्यायला लावली नाही. उलट वही घालायला लावली. केव्हा वाटलं, आधी काय झालं होतं, जेवलो होतो का, कोणाशी वाजलं होतं का. महिन्याभराने वही बघितली तर बहुतेक नोंदी अकरानंतरच्या, एकटा असतानाच्या, आणि त्यातल्या निम्म्या साहेबाच्या मीटिंगच्या दिवशीच्या. मी ज्याला राक्षसी वासना समजत होतो ती बऱ्याचदा साधी झोप होती. दीडशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणलं आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. ती लाट येते, चढते, आणि काही न करता बसलो तर वीस-पंचवीस मिनिटांत उतरते, हे मला पस्तिशी ओलांडल्यावर कळलं. घसरलो नाही असं नाही. तीनदा चांगलाच घसरलो. मोजून सांगतो कारण लपवणं हाच अर्धा रोग.

बायकोला सांगितलं ते सगळ्यांत कठीण. ती दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बायांचा मला राग नाही आला. तुम्हाला ताप आलाय म्हणून मी रात्रभर जागी होते एकदा, त्याचा राग आला." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तिने हा लेख आधी वाचलाय. एक ओळ कापली, बाकी ठेवलं.

आणि एक. मी सगळं पुरुषांचं बोलतोय, कारण मला तेवढंच माहीत आहे. आमच्या घरातल्या एखाद्या मुलीला हा त्रास असेल तर ती कोणाला सांगेल? शेतात थोबाडीत मिळाली ती पोराला. पोरीचं काय झालं असतं याचा विचारच करवत नाही.

दादा, हा शेवटचा भाग तुझ्यासाठी. त्या पुड्या फेकून दे, पैसे गेले ते गेले. तुला पुण्याला यायचं नसेल तर जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, केसपेपर काढायचा आणि बसायचं. बाहेर कोणी बघेल म्हणतोस ना, मग १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही. आधी तो एकटा बोलू दे, तू शेजारी बसू नकोस. मी रविवारी येतोय, भादलीला उतरेन, त्यालाच घ्यायला पाठव. आणि त्याचा फोन त्याला परत दे. परीक्षा सोमवारी सुरू होतेय, त्याचं हॉल तिकीट त्यातच आहे.